पाव्हण्यांच्या घरातले फोटो

आमच्या सोप्यात आक्काच्या लग्नातला एक काळा-पांढरा फोटो आहे. साल १९८६. सोलापूरचा फोटोग्राफर मांडवात आला होता आणि वडिलांनी त्याला मोजून बारा फोटो सांगितले होते. या एकात दोन्हीकडची सत्तावीस माणसं दाटीवाटीनं उभी आहेत. त्यातली अकरा माणसं एकाच पहाटे गेली.

आक्काला सास्तूरच्या बाजूला दिलं होतं. ३० सप्टेंबर १९९३, गुरुवार. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. आमच्या दक्षिण सोलापूर तालुक्यात भांडी खडखडली, माणसं बाहेर पळाली, एवढंच. तिकडं माळवदाची घरं. चिखलात रचलेल्या दोन-तीन फूट जाड दगडी भिंती आणि वर लाकडांवर मातीचा थर. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच घर झोपलेल्या माणसांवर बसलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून ७,९२८ माणसं गेल्याची सरकारी नोंद झाली.

आक्का दुसऱ्या बाळंतपणाला आमच्याकडं आली होती म्हणून वाचली. दाजी वाचले नाहीत.

मी आणि चुलते टेम्पोत भाकरी घालून नळदुर्गावरनं गेलो. पाऊस लागला होता. गल्ली कुठली आन् घर कुठलं, काही कळत नव्हतं. एकेका चितेवर कितीतरी जणांना अग्नी देत होते. पेपरवाले फोटो काढत होते. ते फोटो जगानं बघितले, मदत आली, हे मी नाकारत नाही. पण त्यात दिसायचा तो ढिगारा. खालचं माणूस हसायचं कसं, हे त्यात कुठनं येणार?

त्या काळात फोटो म्हणजे लग्नातला, जत्रेतला, फार तर शाळेतला. मतदाराचं फोटो ओळखपत्र तोवर आमच्याकडच्या गावांत पोचलं नव्हतं. घरातले फोटो घराबरोबर गाडले गेले, पावसानं भिजले. उरले ते पाव्हण्यांच्या घरातले.

आक्काला दिसू नये म्हणून वडिलांनी आमचा फोटो पेटीत ठेवला होता. दिवाळीनंतर तिच्या सासरच्या भावकीतला एक पोरगा दारात आला.

"अण्णा, तुमच्याकडं काकीच्या लग्नाचा फोटो हाय न्हवं? माझी आय हाय त्यात."

"सापडत न्हाई बाबा," वडील म्हणाले.

आक्का आतनं ऐकत होती. तिनं पेटी उघडली, पदरानं काच पुसली आणि फोटो त्याच्या हातात दिला. "दुसऱ्या रांगेत बघ." डोईवर पदर, त्यामुळं अर्धाच चेहरा दिसतो. पोरगा तेवढ्यावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसला.

सोलापुरात स्टुडिओत फोटोवरनं फोटो काढून तेवढा चेहरा मोठा करून घेतला. धुरकट आला. तरी हार घालायला आई मिळाली. पुढं दोन वर्षांत आणखी सहा जण आले. आम्हीही मागायला गेलो. दाजींचा जत्रेतला एक फोटो निलंग्याकडच्या पाव्हण्यांकडं मिळाला. त्यात ते हसतायत.

पुढं ५२ गावं नव्या जागेवर वसली. सरळ रस्ते, ओळीनं घरं. किल्लारीत स्मृतिस्तंभ आहे, दर ३० सप्टेंबरला तिथं मानवंदना देतात. ते पाहिजेच. पण त्या नव्या घरांत गेलात तर भिंतीवरचे फोटो नीट बघा. हार घातलेल्या चेहऱ्याच्या कडेला दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा दिसतो, कुठं मुंडावळीचा दोरा दिसतो. ते फोटो लग्नांतनं कापून आणलेले आहेत.

फोटो आता परत सोप्यात आहे. आक्कानं पोराकडनं त्याच्या मागं सगळ्यांची नावं लिहून घेतली. सव्वीस झाली. पुढच्या रांगेत दोन वेण्यांची एक पोरगी मान वळवून उभी आहे. ती कुणाची, हे अजून कुणी सांगू शकलेलं नाही. अकरांत आम्ही तिला धरलेलं नाही. सासरकडचं कुणी आलं की आक्का आधी चहा ठेवते आणि मग फोटो खाली काढते.

तुमच्या पेटीतही असा फोटो असेल. सांगणारं माणूस आहे तोवर मागं नावं लिहून ठेवा.