शकुंतलेची वाणी

संस्कृत विषय घेऊन शाळेबाहेर पडलेल्या बहुतेकांच्या मनातील शकुंतला ही ‘शाकुंतला’च्या चौथ्या अंकातील असते: सासरी निघालेली, वेलीला कवटाळणारी, वस्त्र ओढणाऱ्या पाडसाकडे वळून पाहणारी. या परिचित चित्राला गेल्या पाव शतकातील संशोधनाने एक अवघड प्रश्न विचारला आहे. ही स्त्री इतकी अबोल केव्हा झाली?

रोमिला थापर यांचा शकुंतलेवरील ग्रंथ १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी आरंभ केला तो महाभारताच्या आदिपर्वापासून. तेथील शकुंतला गांधर्वविवाहापूर्वीच आपल्या पुत्राला राज्य मिळावे, अशी अट घालते. पुढे मुलाला घेऊन ती राजसभेत उभी राहते आणि ओळख नाकारणाऱ्या दुष्यंताला सत्य व पितृधर्म यांविषयी खडे बोल सुनावते. तेथे शापही नाही, अंगठीही नाही. राजाने तिला ओळखलेले असते. लोकापवादाच्या भयाने तो नाकारतो आणि आकाशवाणीनंतर स्वीकारतो. दुर्वासांचा शाप व मुद्रिका कथेत आणून कालिदासाने राजाचा दोष हलका केला, तसा शकुंतलेचा युक्तिवादही मागे सारला. तरीही कालिदासावर सारा भार टाकणे मला न्याय्य वाटत नाही. पाचव्या अंकात त्याची शकुंतला राजाला तोंडावर ‘अनार्य’ म्हणते. चौथ्या अंकाशी थांबणाऱ्याला ते ऐकूच येत नाही.

मग थांबण्याची ही सवय आली कोठून? सर विल्यम जोन्स यांचे इंग्रजी भाषांतर १७८९ मध्ये कलकत्त्यास निघाले. त्यावरून फॉर्स्टर यांनी १७९१ मध्ये जर्मन भाषांतर केले आणि गटे मुग्ध झाला. युरोपला तिच्यात निरागस निसर्गकन्या दिसली. थापर यांचे विवेचन असे की, हीच प्रतिमा पुढे आपल्याही विचारात मुरली आणि राष्ट्रीय जागृतीच्या काळात तिच्यावर आदर्श भारतीय स्त्रीत्वाचा साज चढला.

मराठी रंगभूमीचा धागा येथेच जुळतो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग केला, तो पहिल्या चार अंकांचाच. म्हणजे त्या रात्रीचा पडदाही पाठवणीवरच पडला! मात्र अण्णासाहेबांनी एक मोठी गोष्ट केली. मूळ नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत. किर्लोस्करांच्या रंगमंचावर दोघे एकाच मराठीत बोलू लागले आणि कीर्तनातून कानांना सवयीच्या झालेल्या साकी-दिंडीत गाऊ लागले. संस्कृत न शिकलेल्या प्रेक्षकापर्यंत कालिदास पोहोचला तो या वाटेने. नाटकाच्या प्रभावाची ही बाजू मला भाषांतरांच्या कीर्तीपेक्षा मोलाची वाटते.

अर्थात, तो आवाज पुरुषाचा होता. मीरा कोसंबी यांनी २०१५ च्या आपल्या ग्रंथात स्वातंत्र्यपूर्व मराठी रंगभूमीवरील स्त्रीप्रतिमांचा शोध घेतला आहे. स्त्री-भूमिका करणारे नट स्त्रीच्या वागण्या-बोलण्याचा आदर्श कसा घडवत गेले, हे त्यातून उमगते. अण्णासाहेबांची शकुंतला ज्यांनी पुढे गाजवली, ते भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे. महाराष्ट्राबाहेर मराठी जपणाऱ्या आपल्यासारख्यांना एवढा अभिमान क्षम्य असावा.