एकदाच झालेला सामना

आमच्या ताम्हिणीला पावसाळाभर क्रिकेट नाही. चार महिने आभाळ नुसते ओतत असते. दिवाळी सरते, भात झोडून होते, आणि मग रिकाम्या खाचरात काठ्यांचे स्टंप उभे राहतात. बांध ही सीमारेषा. चेंडू पेंढ्याच्या उडवीत शिरला तर दोन धावा, हा आमचा कायदा. यंदाचे खाचर पुढच्या वर्षी मिळेलच असे नाही. मालकाने वाल पेरला की बिऱ्हाड हलले!

गेल्या हिवाळ्यात एका पोराने विचारले, "गुरुजी, मोठ्या लोकांचंबी असं होतं का? एकदाच खेळले, आन् परत कधीच न्हाई?"

होते तर! अमेरिकेतले धंदेवाईक बेसबॉलपटू १८८९ च्या फेब्रुवारीत स्पॉल्डिंग नावाच्या व्यापाऱ्याबरोबर जगप्रवासाला निघालेले असताना इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी, वाळूत खेळले. पोरांना हे फार आवडले. मला मात्र आठवले ते आपल्या मुंबईचे मैदान.

भारतभूमीवरला पहिला कसोटी सामना १५ डिसेंबर १९३३ रोजी बॉम्बे जिमखान्यावर सुरू झाला. त्या मैदानावर तो पहिला कसोटी सामना, आणि तोच शेवटचा.

वाचकहो, जागा कशी निवडली होती पाहा. १८७५ साली स्थापन झालेला हा जिमखाना गोऱ्यांचा. हिंदी माणसाला तेथे सभासदत्व नाही. चहाचे तबक घेऊन वावरायला हरकत नाही. सामन्यासाठी मात्र शामियाने ठोकले, आणि ज्यांना एरवी कुंपणाबाहेरून पाहावे लागे असे हजारो लोक आत येऊन बसले. इंग्लंडचा कप्तान डग्लस जार्डिन. आदल्या हिवाळ्यात अंगावर चेंडू टाकवून त्याने सारा ऑस्ट्रेलिया पेटवला होता. गंमत अशी, की हा गृहस्थ जन्माने मुंबईकर! आपले कप्तान सी. के. नायडू.

आपला पहिला डाव २१९ वर आटोपला. त्यात सर्वांत जास्त धावा, ३८, बावीस वर्षांच्या लाला अमरनाथच्या. त्याचा तो पहिलाच कसोटी सामना. निसारने ९० धावांत पाच बळी घेतले, तरी इंग्लंडने ४३८ केल्या. दुसऱ्या डावात आपले दोन गडी २१ धावांतच गेले. आता काय उरले, असे वाटावे अशी ती घडी. तेथून अमरनाथ असा काही सुटला की तिसऱ्या दिवसाचा खेळ संपण्यापूर्वी त्याचे शतक झाले. हिंदी खेळाडूचे हे पहिले कसोटी शतक. लोक धावत मैदानात शिरले, गळ्यात हार पडले. बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले असेही सांगतात. नायडू ६७ वर बाद झाले तेव्हा दोघांची भागी १८६ धावांची झाली होती. अमरनाथ ११८ वर गेला. त्यानंतर डाव कोसळला, २५८ वर संपला, आणि इंग्लंडने सामना नऊ गड्यांनी जिंकला.

हरलो, हे खरे. पण त्या हिरवळीवर आपण त्याआधी जिंकलोही होतो. १९०६ साली हिंदू संघाने गोऱ्यांना येथेच १०९ धावांनी हरवले. त्या संघातले मोठे गोलंदाज पालवणकर बाळू, जन्माने चांभार समाजातले. पुण्यात हिंदू संघाकडून खेळताना त्यांना चहा मिळे तो पॅव्हिलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. गोऱ्यांनी आपल्याला दारात ठेवले याचा राग आपण मोठ्याने बोलतो; बाळूंना दारात ठेवणारे कोण होते, हे वर्गात सांगताना माझा आवाज जरा खाली येतो. १९३३ साली बाळू सत्तावन्न वर्षांचे होते. कसोटी सामना त्यांच्या नशिबी आला नाही.

पुढे बॅकबेच्या भरावावर ब्रेबॉर्न स्टेडियम उभे राहिले. ते १९३७ साली उघडले, आणि १९४८ मध्ये मुंबईला पुन्हा कसोटी सामना आला तो तेथेच. जिमखान्याकडे कोणी वळून पाहिले नाही.

गेल्या मे महिन्यात लग्नाच्या निमित्ताने मुंबईला गेलो, तेव्हा मुद्दाम त्या बाजूला उतरलो. रस्त्यावर कपड्यांच्या दुकानदारांचा गलका चालला होता. मी कुंपणाशी थोडा वेळ उभा राहिलो. घरची मंडळी "चला आता" म्हणून मागे लागली होती.

गावी परतल्यावर ही हकीगत त्या पोराला सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली आणि विचारले, "तिथला बांध केवढा होता, गुरुजी?"