पंचावन्न अंश, साठ अंश

१९४०च्या दशकातल्या इंग्लिश गाडीचा स्टिअरिंग बॉक्स उतरवायचा, म्हणजे अडचणीत हात घालून न दिसणारा बोल्ट बोटांनी चाचपायचा. तिथे अमेरिकन ११/१६चा पाना शिरत नाही, ३/४चा निसटतो. डोक्याचे कोपरे झिजले की संपलंच!

दोष गंजाचा कमी, इतिहासाचा जास्त. व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात ५५ अंशांचे आटे ठरवले. पान्यावर आकडा बोल्टच्या जाडीचा, त्यामुळे ३/८चा पाना भरतो सुमारे ०.७१ इंच! १८६४ मध्ये फिलाडेल्फियात सेलर्सने ६० अंश सुचवले. महायुद्धात एकाचे सुटे भाग दुसऱ्याला बसेनात, तेव्हा कुठे १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन, कॅनडा ६० अंशांवर एकत्र आले.

गंमत म्हणजे ३/८च्या भरड बोल्टला दोन्हीकडे इंचाला १६च आटे. म्हणून चुकीचा बोल्ट मुकाट्याने आत जातोही. दुसरीकडे चालेल एकवेळ, स्टिअरिंगला नको.