नागवेल : आपल्या जिल्ह्यातील एक जुनी पाहुणी

मंगलकार्याची यादी लिहावयास घेतली की विड्याची पाने आरंभीच येतात. आपल्या घरांतून ही पाने शेकड्यांनी लागतात; परंतु ही वेल मूळची आपल्याकडील नव्हे, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिचे माहेर मलायाकडे सांगतात. मिरी व ती एकाच कुळातील. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत विड्याचे गुण वर्णिले आहेत. भांडारकर संस्थेतील कै. परशुराम कृष्ण गोडे यांचे तांबुलाच्या इतिहासावरील निबंध जिज्ञासूंनी अवश्य पाहावेत.

आपल्या जिल्ह्यापुरते पाहिले तरी विड्याचा मान जुना आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरस्वामींचे वास्तव्य नेवासे, डोमेग्राम या गोदातीरीच्या परिसरात झाले. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात स्वामींच्या भोजनानंतर विड्याचा उल्लेख पुनःपुन्हा येतो. माहूरच्या रेणुकेस आजही तांबूलच लागतो. दरबारी विडा उचलणे म्हणजे तर कामगिरी शिरावर घेणे.

परंतु अवर्षणाच्या या मुलुखात अशी नाजूक वेल जगविणे म्हणजे तान्हे मूल सांभाळणेच. तिला ऊन सोसत नाही, वारा सोसत नाही, आणि पाणी तुंबलेलेही चालत नाही. म्हणून शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांची दाटी करून त्या सावलीत वेल चढवावयाची, हलक्या हाताने बांधावयाची, आणि वाढ फार झाली म्हणजे उतरवून तिचा खालचा भाग मातीत पुरावयाचा. पानमळ्यात शिरताना पायताण बाहेर काढण्याचा दंडक अनेक ठिकाणी पाळतात. कोणी त्यास सोवळे म्हणोत; मुळे कुजविणारा रोग मातीतून पसरतो, हे लक्षात घेता आम्हांस त्यात जुन्या माळ्यांचे शहाणपण दिसते. राहुरीच्या कृषि विद्यापीठातही औषधी व सुगंधी वनस्पतींबरोबर नागवेलीवर संशोधन झाले आहे.

पानाचा तिखट सुवास त्यातील तेलाचा. लेकराची छाती भरली म्हणजे आजीबाई पानास तेल लावून, निखाऱ्यावर कोमट करून शेकीत, हे आमच्या पिढीने अनुभवले आहे. विड्यात लवंग, वेलची, जायफळ, कंकोळ, कापूर पडे.

आणि येथेच एक गोष्ट स्पष्ट सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्या जुन्या विड्यात तंबाखू नव्हती, असणेही शक्य नव्हते. अमेरिकेतील ही वनस्पती पोर्तुगीजांच्या व्यापारातून दक्षिणेत शिरली. मोगलांनी नगरचा किल्ला १६०० साली घेतला. त्यानंतर चार-पाच वर्षांनी असदबेग विजापुराहून परतला, तेव्हा अकबरापुढे तंबाखू नवलाईची वस्तू म्हणून ठेवली गेली! तंबाखूचे पान ही आपली परंपरा, असे म्हणणाऱ्यांनी हा काळ ध्यानी घ्यावा.

सुपारीचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण ती खरोखरच जुन्या विड्यातील. तथापि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तंबाखूविरहित सुपारीही कर्ककारक ठरविली आहे. आपल्यातील काही घरांतून आता सुपारी देवापुढेच राहते आणि पाहुण्यांस गुलकंद, वेलची, लवंगेचा विडा दिला जातो. वडीलधाऱ्यांपैकी काहींना तो अजून पोरखेळ वाटतो. सुनांनी मात्र तो पुढील कार्यांच्या यादीत लिहूनही ठेवला आहे.