चिखलातले पाहुणे आणि फलटणची मॅक्सीनमावशी

हेडफोन लावलेत का? लावा, कारण मागे पावसाचा आवाज येणारे. मी वेल्ह्यात चुलत्यांच्या पडवीत बसून बोलतोय. कागदावर आता राजगड तालुका झालाय, पण एसटीत बसल्यावर तोंडून वेल्हेच येतं, त्याला काय करणार.

गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "दादा, परदेशात शेतावर काम करायचं, राहणं-जेवण फुकट, संध्याकाळी गावातल्या पोरांना इंग्रजी शिकवायचं, असं खरंच असतं का?" असतं. आणि उलट दिशेनेही असतं. मागच्या लावणीला आमच्याकडेच दोन परदेशी पाहुणे राहून गेले. तोरण्याखालच्या खाचरात गुडघाभर चिखलात उभे राहिले बिचारे. मुलीने उत्साहात अख्खी ओळ लावली आणि अर्ध्या तासात तिची रोपं पाण्यावर तरंगायला लागली. आजी म्हणाली, "अगं पोरी, नुसतं टेकवू नको, अंगठ्यानं दाब." भाषा कळली नाही, अंगठा कळला.

या प्रकाराचा इतिहास फार जुना नाही. 1971 साली लंडनमध्ये सू कॉपर्ड नावाची एक सेक्रेटरी होती. शहरात राहून कंटाळलेली, पण गावात ना ओळख ना जमीन. तिने ससेक्समधल्या एमर्सन कॉलेजच्या शेतावर शनिवार-रविवार काम करायची सोय लावली. पहिल्या खेपेला जेमतेम चार माणसं. त्यातून 'वूफ' ही चळवळ उभी राहिली आणि आज ती जगभर पसरलीय. शेतकरी जेवण आणि छप्पर देतो, पाहुणा कष्ट देतो, पैशाचा व्यवहार नाही.

हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजी इर्जिकच की!" बरोबर आहे तिचं. ज्याचं काम अडलंय त्याच्या शेतात सगळ्यांनी जायचं, मजुरी घ्यायची नाही, त्याने जेवू घालायचं. एक फरक मात्र आहे, आणि तो मला मोठा वाटतो. इर्जिकीला आलेला माणूस उद्या तुम्हाला आपल्या शेतात बोलावतो. वूफवाला विमानाने निघून जातो.

सरकारी पातळीवरही असं झालंय. केनेडींनी 1961 मध्ये पीस कोअर काढली आणि त्याच डिसेंबरात 26 तरुण अमेरिकन पंजाबात उतरले. 1976 पर्यंत चार हजारांहून जास्त जण भारतात येऊन गेले. कुणी कोंबड्या पाळायला शिकवलं, कुणी शेती, कुणी इंग्रजी. बहुतेकांचा मुक्काम दोन वर्षांचा.

पण आज मला सांगायचीय ती गोष्ट वेगळ्या बाईची. मॅक्सीन बर्नसन. याही अमेरिकन, याही 1961 मध्येच आल्या, पण पीस कोअरमधून नाही. हैदराबादच्या विवेकवर्धिनीत इंग्रजी शिकवायला आल्या. ही संस्था मराठी माणसांची. त्यामुळे झालं असं, की शिकवायला आलेली बाई स्वतःच मराठी शिकायला बसली. मग अमेरिकेत परत जाऊन भाषाशास्त्राचा अभ्यास, आणि 1966 मध्ये मुक्काम फलटणला. तिथे वेगवेगळ्या थरांतली माणसं मराठी कशी बोलतात, हा त्यांच्या पीएचडीचा विषय. इरावती कर्व्यांच्या कन्या, लेखिका जाई निंबकर तिथेच राहायच्या. त्या दोघींनी मिळून परक्यांना मराठी शिकवणारी पुस्तकं लिहिली.

इथपर्यंत गोष्ट विद्यापीठातली आहे. पुढे ती वस्तीत शिरते. फलटणच्या दलित वस्तीतली मुलं शाळेत जात होती, वर्षामागून वर्ष पुढेही सरकत होती, आणि त्यांना वाचता येत नव्हतं. मराठी. स्वतःची भाषा! मॅक्सीनबाईंनी त्यांचे वर्ग घ्यायला सुरुवात केली. 1978 मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं, 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन ही शाळा. गंमत बघा, ज्यांचं नाव शाळेला दिलं त्या कमलाताईही जन्माने अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. आणि शाळेचं माध्यम? मराठी. इंग्रजी शिकवायला आलेल्या बाईने उभी केलेली शाळा, ध्यानात घ्या. मुलं त्यांना मॅक्सीनमावशी म्हणायची.

मला हे एवढं का लागलं, सांगतो. आमचे पाहुणे रोज संध्याकाळी पडवीत पोरांना इंग्रजी शिकवायचे. पाचव्या दिवशी सगळी "माय नेम इज" धडाधडा म्हणायला लागली. आम्ही खूश, व्हिडिओ काढले, स्टेटसला टाकले. सगळ्यात मोठ्याने म्हणायचा माझा चुलतभाऊ, चौथीतला. पाहुणे गेल्यावर एकदा त्याला बियाण्याच्या पिशवीवरचं वाचायला सांगितलं. 'इंद्रायणी' एवढंच लिहिलेलं होतं. तो पिशवीकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "भाताचं चित्र हाय." घरात तीन शिकलेली माणसं, मी धरून. कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

पाहुण्यांची यात काही चूक नाही. पंधरा दिवसांत त्यांना काय कळणार? मी तर दर शनिवारी पुण्याहून येतो.

तर जाणार असाल तर जरूर जा. इटलीत द्राक्षं तोडा, जपानमध्ये भात लावा, लावणीचं तंत्र आजीकडून शिकून जा. पण तिथल्या पोरांना इंग्रजी शिकवायच्या आधी त्यांची भाषा थोडी त्यांच्याकडूनच शिका, आणि पोरं तुमच्या चुकांना हसली तर हसू द्या.

मी सध्या शनिवारी रात्री चुलतभावाबरोबर बसतो. 'इ' झाला, 'द्र' वर गाडी अडलीय. तो म्हणतो, "दादा, ह्यो द पोटुशी हाय का?" थांबा, लाईट गेली बहुतेक. चला, पुढच्या भागात भेटू.