नोझलचं बिल

बीड शहरात प्रवासी रेल्वे सुरू झाली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. परळीला निजामाच्या काळापासूनच रूळ होते, पण जिल्ह्याच्या मुख्य गावात नव्हते. म्हणजे तोवर मीठ, सिमेंट, खत, सरकी आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी माणसं, सगळं काही रस्त्यानं. त्यामुळे या जिल्ह्याचा इतिहास सांगताना निजाम, रझाकार आणि दुष्काळ यांच्या शेजारी ट्रकच्या नोझललाही थोडी जागा मिळायला हवी, असं मला वाटतं. तेवढी त्या बोटभर लोखंडाची लायकी नक्कीच आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. पेट्रोलच्या गाडीत ठिणगी पाडायला प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापून लाल होईल की काय असं वाटावं, आणि नेमक्या त्या क्षणी तिच्यात डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे सगळा खेळ फवाऱ्याचा. फवारा धुक्यासारखा पडला तर ताकद. थेंब पडले तर काळा धूर. हा फवारा सोडणारा भाग म्हणजे इंजेक्टर, आणि त्याचं टोक म्हणजे नोझल. जुन्या टाटाच्या इंजिनात असे सहा. प्रत्येकाच्या टोकाला पाव मिलिमीटरच्या आसपासची चार-पाच भोकं. आत एक पिन, आणि पिन व तिच्या घराच्या मधली फट दोन-तीन मायक्रॉन. माणसाचा केस साठ-सत्तर मायक्रॉनचा असतो, यावरून अंदाज करा.

हे सुचायला वेळ लागला. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली जर्मनीत आउग्सबर्गला आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, पण त्यात इंधन आत फेकायला दाबलेली हवा लागायची आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर. असलं धूड ट्रकवर बसणं शक्य नव्हतं. हवेशिवाय, नुसत्या पंपाच्या दाबानं डिझेल फवारणारे पंप रॉबर्ट बॉशच्या कारखान्यातून १९२७ पासून मोठ्या संख्येनं बाहेर पडू लागले, आणि डिझेल इंजिन खऱ्या अर्थानं रस्त्यावर आलं. तो स्वतः डिझेल हे पाहायला उरला नव्हता. १९१३ साली इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून तो रात्रीतून नाहीसा झाला.

आपल्याकडे १९५१ मध्ये मायको कंपनी स्थापन झाली, बंगळूरला तिचा कारखाना उभा राहिला. १९५४ मध्ये टाटांनी डायमलर-बेंझबरोबर करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले. पुढे नाशिकच्या सातपूरला मायकोचे नोझल आणि इंजेक्टर तयार होऊ लागले. २००८ मध्ये कंपनीचं नाव बदलून बॉश झालं. गॅरेजमध्ये मात्र अजून ‘मायकोचं नोझल दे’ असंच म्हणतात.

जर्मनीत घडलेली ही मायक्रॉनची वस्तू इथे आली आणि तिची गाठ पडली टिपाडातल्या डिझेलशी. टिपाडाच्या तळाला पाणी साचतं, गंज धरतो. गावाकडे नरसाळ्यावर धोतराचं फडकं टाकून डिझेल ओतायची पद्धत होती, ती उगाच नव्हती. शिवाय त्या काळातल्या डिझेलमध्ये गंधकही भरपूर असायचं. नोझलच्या तोंडावर काजळीचा कडक थर बसायचा, भोकं बुजायची, पिन अडकायची.

मग मिस्त्री. इंजिन चालू ठेवून तो एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करतो. नट सैल केल्यावर आवाज बदलला तर ते सिलिंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर चोर तिथेच. ते नोझल काढायचं, डिझेलमध्ये भिजत ठेवायचं, पितळी ब्रशनं काजळी उतरवायची. लोखंडी ब्रश चालत नाही, तोंड ओरखडतं. भोकं बारीक तारेनं साफ करायची. पिन ज्या घरातली त्याच घरात परत गेली पाहिजे, कारण त्या जोड्या एकमेकांत घासूनच घडवलेल्या असतात. अदलाबदल झाली की दोन्ही वाया. मला सगळ्यात आवडते ती यानंतरची परीक्षा. स्वच्छ डिझेलमध्ये बुडवलेली पिन घरात घालून नोझल तिरपं धरायचं, पिन एक तृतीयांश बाहेर ओढायची आणि सोडून द्यायची. ती स्वतःच्या वजनानं हळूच खाली घसरली तर पास. अडखळली तर पुन्हा धुवा.

शेवटी टेस्टर. हातानं दांडा मारायचा, घड्याळाचा काटा २०० बारच्या आसपास पोहोचला की नोझल चर्रकन उघडतं. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या जवळपास तीसपट हा दाब. त्या फवाऱ्यासमोर हात धरायचा नसतो. डिझेल कातडी फोडून आत शिरतं आणि बोट गमवायची पाळी येते. कसलेला मिस्त्री काट्याकडे कमी बघतो आणि आवाज जास्त ऐकतो.

या धंद्याचा एक काळा अध्याय आहे, रॉकेलचा. रेशनचं रॉकेल सरकारी अनुदानामुळे डिझेलपेक्षा बरंच स्वस्त होतं, म्हणून ते डिझेलमध्ये मिसळलं जाई. रॉकेल पातळ, डिझेलसारखं वंगण त्यात नाही. नोझलची पिन आणि पंपाचे भाग डिझेलनंच ओले राहतात, त्यांना दुसरं तेल मिळत नाही. भेसळीच्या डिझेलवर ते कोरडे घासतात. मिस्त्री पिनेवरचे ओरखडे बघून ओळखायचे. गंमत अशी की काजळी उतरवायला गॅरेजमध्ये तेच रॉकेल लागे. पण यात गमतीचं फारसं काही नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडीला भेसळीचा प्रकार पकडायला गेलेले मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आलं. त्या पिनेवरच्या ओरखड्यामागे किती पैसा होता, हे महाराष्ट्राला तेव्हा कळलं.

आता बीडच्या प्रश्नाकडे. इथून लाखो माणसं उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. मजुरी टनावर. काट्यावर जे वजन भरेल त्यातून उचल फिटते. तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वाळतो, वजनात घटतो. उसावर बहुतेक जुन्या गाड्या असतात. नव्या गाडीला शेतातल्या चिखलात घालायची कुणाची हिंमत? पूर्ण भार, खालचा गिअर, आणि मग कारखान्यासमोर तासन्‌तास रांगेत थांबत-सरकत राहणं. थंड, मंद चालणाऱ्या इंजिनात इंधन नीट जळत नाही, काजळी धरते. म्हणजे नोझल बुजायला यापेक्षा उत्तम जागा शोधून सापडणार नाही.

फडात गाडी बंद पडली की दुरुस्तीचं बिल मालक भरतो. पण दोन दिवस पडून राहिलेल्या मोळ्यांचं घटलेलं वजन टोळीच्या खात्यातून जातं, आणि बसून काढलेल्या दिवसाची मजुरी कुणीच देत नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असतो. त्या वहीत उचल आहे, टन आहे, खाडे आहेत. नोझल नाही. ऊसतोडीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं, मुकादमावर, उचलीवर, कोपीतल्या बाळंतपणांवर, गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवर, आणि ते लिहिणं गरजेचंच होतं. या पातळ गळतीकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

डिझेल आता खूप स्वच्छ झालं. देशभर २०१० मध्ये बीएस तीन, २०१७ मध्ये बीएस चार, २०२० मध्ये बीएस सहा. गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ३५० वरून ५०, आणि मग १० वर आली. त्याबरोबर इंजेक्टरही बदलले. कॉमन रेलचा दाब हजार बारच्या पुढे, उघडझाप कॉम्प्युटरच्या हुकमानं, अनेक गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरला स्वतःचा कोड. तो नवा बसवला की लॅपटॉप जोडून गाडीला हा कोड सांगावा लागतो. दांड्याचा टेस्टर इथे निरुपयोगी. इंजेक्टर शहरातल्या दुकानात पाठवायचा आणि वाट बघायची. गाळप हंगामात वाट बघणं परवडत नाही, म्हणून उसावर अजून जुनीच गाडी धावते. तिचं नोझल लिंबाखाली बसून उघडता येतं, तांब्याचा नवा वायसर टाकून त्याच दुपारी परत कसता येतं. मग किन्नर पंपाचा खटका दाबून हवा काढतो, सैल केलेल्या नटातून बुडबुडे यायचे थांबतात, आणि ड्रायव्हर सेल मारतो.