फ्रँकलिनची शेगडी

फिलाडेल्फिया शहराच्या आसमंतातील अरण्ये अठराव्या शतकाच्या मध्यास इतकी विरळ झाली होती की, एकेकाळी दाराशी मिळणारे सरपण आता काही गावांना जवळजवळ शंभर मैलांवरून आणावे लागते, अशी तक्रार बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७४४ साली छापलेल्या पुस्तिकेत नमूद केली आहे. आणि एवढ्या सायासाने आणलेल्या लाकडाची बहुतेक उष्णता भिंतीतल्या उघड्या चुलाण्यावाटे धुराबरोबर निघून जाई. तोंडाला झळ आणि पाठीला फटींतून शिरणारा गार वारा, अशी घरोघर अवस्था होती. जर्मन वसाहतकऱ्यांच्या बंदिस्त शेगड्या खोली तापवीत खऱ्या, पण त्यांत विस्तव दिसत नसे, आणि विस्तव पाहत बसण्याचे सुख सोडण्यास इंग्रज गृहस्थ राजी नव्हता.

फ्रँकलिन यांनी या दोहोंचा मेळ घातला. त्यांचे स्नेही रॉबर्ट ग्रेस यांच्या भट्टीत ओतलेले बिडाचे पाट एकमेकांत बसवून समोरून उघडी अशी पेटी करावयाची, विस्तवामागे एक पोकळ हवापेटी उभी करावयाची, जमिनीखालच्या मार्गाने बाहेरची हवा तीत घेऊन, तापवून, बाजूच्या छिद्रांतून खोलीत सोडावयाची, अशी ती योजना होती. धूर मात्र हवापेटीच्या माथ्यावरून मागे उतरून, तळाखालून धुराड्यात जावयाचा. आपल्या न्हाणीघरातील बंबात धूर नळीतून सरळ वर चढतो. इथे त्याने आधी खाली यावे, अशी अपेक्षा.

म्हणूनच शेगडी विकत घेण्याइतकेच ती बसविणेही महत्त्वाचे होते, आणि पुस्तिकेत गवंड्यासाठी स्वतंत्र सूचना आहेत. धुराड्याच्या मूळ भिंतीपुढे थोडे अंतर सोडून विटांची खोटी भिंत उभारावी, वरचे तोंड नीट बंद करावे, सांधे बुजवावेत, अशी ती बारीकसारीक तजवीज आहे. शेगडी पेटविताना पुढची सरकती झडप खाली ओढली की तीच भात्याचे काम करी. कारण धुराडे तापेपर्यंत धूर खाली उतरण्यास नाखूश असतो. तापल्या लोखंडाला वास येतो हा लोकांचा आक्षेपही त्यांनी खोडून काढला. शेगडी कितपत तापली हे पाहण्यासाठी तिच्यावर थुंकणाऱ्यांची गलिच्छ खोड हेच त्या दुर्गंधाचे एक कारण, असा त्यांचा निर्वाळा होता. हा परिच्छेद लिहिणारा माणूस पुढे मोठा मुत्सद्दी झाला, याचे मला मुळीच नवल वाटत नाही.

प्रांताचे गव्हर्नर टॉमस यांनी काही वर्षांच्या मक्त्याची सनद देऊ केली असता, इतरांच्या शोधांचा लाभ आपण घेतो तेव्हा आपलाही मोकळ्या हाताने द्यावा, असे म्हणून फ्रँकलिन यांनी ती नाकारली. लंडनच्या एका लोखंडवाल्याने मात्र थोडा फेरफार करून तिथली सनद मिळवली आणि बऱ्यापैकी पैसा केला, असे ते आत्मचरित्रात सांगतात. नंतरच्या कारागिरांनी हवापेटी आणि धुराची खालची वाट, म्हणजे योजनेचा प्राणच, काढून टाकला. तरी त्या उघड्या बिडाच्या शेगड्या त्यांच्याच नावाने खपत राहिल्या.

स्वतः फ्रँकलिन यांनी मात्र धूर खाली उतरविण्याचा नाद सोडला नाही. लंडनच्या वास्तव्यात त्यांनी दगडी कोळशासाठी याच तत्त्वाची दुसरी शेगडी तयार केली, आणि ती निष्काळजी नोकरांवर सोपविण्याजोगी नसून स्वतःचा विस्तव स्वतः राखण्याची हौस असलेल्या व्यासंगी माणसालाच मानवेल, असे त्यांचे मत होते.